इंजिन भारी की त्याचं बुक? घरच्या लॅपटॉपवर तपासायची रीत

दोन बुद्धिबळ इंजिनं, म्हणजे चाली शोधणारे प्रोग्रॅम, एकमेकांशी लढवली आणि एक बारा-आठ असं जिंकलं, की लगेच ग्रुपवर मेसेज पडतो : "हेच घ्या, हे भारी आहे." आमच्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या गावांत हल्ली हा विषय बराच निघतो. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून पोट्टे मधल्या सुट्टीत पट मांडून बसतात. त्यांच्या घरच्या मोबाइलमध्ये जगज्जेत्यालाही हरवेल असं इंजिन फुकटात असतं. पण अमुक इंजिन कशात भारी, असं विचारलं की गाडी अडते.

त्या बारा-आठमध्ये तीन वेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो. पहिल्या दहा-पंधरा चाली इंजिन बहुतेक वेळा स्वतः शोधतच नाही, ओपनिंग बुक नावाच्या फाइलमधून उचलतं. शेवटी पटावर पाच-सहा मोहरे उरले आणि टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या प्रत्येक स्थितीची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) जोडलेला असला, तर तिथलं उत्तरही आयतं मिळतं. इंजिनाची स्वतःची समज दिसते ती मधल्या डावात, आणि टेबलबेस काढून घेतला तर एंडगेममध्ये. शंकरपटात एका जोडीला अर्ध्या पटावरून सोडलं आणि दुसरीला सुरुवातीपासून, तर घड्याळातल्या वेळेवरून बैलांचं काही कळणार नाही. इथेही तसंच आहे.

हा घोळ फक्त हौशी लोकांचाच होतो असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमनं स्टॉकफिश ८ या इंजिनाला १०० डावांत हरवलं : २८ विजय, ७२ बरोबरी, एकही हार नाही. लगेच आक्षेप आले. स्टॉकफिशला ओपनिंग बुक दिलं नव्हतं, हॅश मेमरी (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा) अवघी १ जीबी होती, आणि प्रत्येक चालीला ठोक एक मिनिट असल्यानं वेळ वाचवण्याचं त्याचं कसब वाया गेलं. पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधात त्यांनी अटी बदलून १००० डाव खेळवले : १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. अल्फाझीरो तेव्हाही वरचढच ठरला, पण आधीच्या आकड्यांवर जी शंका होती ती अटी सुधारल्यावरच गेली. आपल्या लॅपटॉपवरही अटी आधी, आकडे नंतर.

पायरी १ : सामान जमवा

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. इंजिन म्हणजे नुसता हिशेब करणारा प्रोग्रॅम, त्याला पट नसतो. पट दाखवणारा आणि सामने लावणारा प्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागतो. अरेना आणि क्यूटचेस हे दोन्ही फुकट आहेत. अरेना नवख्याला सोपं, पण सामने लावायला मी क्यूटचेसच सुचवेन. दोघांमधली बोलण्याची भाषा म्हणजे यूसीआय. २००० सालापासून ती चालत आली आहे, म्हणून बहुतेक कुठलंही इंजिन कुठल्याही पटाला जोडता येतं.

इंजिनं निवडताना ताकदीनं जवळपासची घ्या. आजच्या स्टॉकफिशसमोर वीस वर्षांपूर्वीचं इंजिन बसवलं तर ते सगळेच डाव हरेल आणि तुम्हाला काहीच शिकायला मिळणार नाही. सरावासाठी फ्रूट २.१ आणि ग्लॉरुंग ही जुनी जोडी चांगली. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे, दोन्ही हलकी आहेत, आणि ग्लॉरुंगमधूनच २००८ मध्ये स्टॉकफिश निघालं. फ्रूटसोबत एक छोटं बुकही येतं, ते पुढे कामात येईल. यांच्याशिवाय आजचं स्टॉकफिश उतरवून ठेवा, पायरी ४ आणि ६ साठी ते लागेल.

मोबाइलवर ड्रॉइडफिश या अॅपमध्ये स्टॉकफिश आयतं मिळतं, बुक आणि टेबलबेसही जोडता येतात. एखादी स्थिती तपासायला ते उत्तम. शंभर डावांचा सामना मात्र मोबाइलवर लावू नका.

पायरी २ : अटी सारख्या करा

दोन्ही इंजिनांना एकच थ्रेड (एका वेळी प्रोसेसरचा एकच धागा), हॅश ६४ एमबी, वेळ दोघांना सारखा : एक मिनिट आणि दर चालीला एक सेकंद वाढीव. समोरच्याच्या वेळात विचार करण्याची सोय, जिला पाँडर म्हणतात, ती बंद. एकाच प्रोसेसरवर दोघं बसलेले असताना ती चालू ठेवली तर एक दुसऱ्याचा वेळ खातो. काही इंजिनं हरलेल्या डावातून शिकून बुकमध्ये बदल करतात. ते शिकणंही बंद करा, नाहीतर पहिल्या डावातलं इंजिन आणि पन्नासाव्या डावातलं इंजिन एकच राहत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा दुपारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप स्वतःचा वेग कमी करतो आणि इंजिन सेकंदाला जितक्या स्थिती तपासत होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी तपासतं. म्हणून एका इंजिनाची परीक्षा दुपारी आणि दुसऱ्याची रात्री, असं कधीच करायचं नाही. दोघांनाही समोरासमोर, एकाच बैठकीत बसवा. सामना रात्री लावा, लॅपटॉपखाली गादी-चादर नको, फरशी किंवा पाट ठेवा. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि विंडोज वेग उतरवतं, त्यामुळे पॉवर सेटिंगमध्ये जाऊन हे आणि झोपी जाणं दोन्ही आधीच बंद करा. क्यूटचेस प्रत्येक डाव संपला की पीजीएन फाइलमध्ये (डावाच्या चालींची नोंद) टाकत जातं, त्यामुळे मध्यरात्री सगळंच बंद पडलं तरी झालेले डाव हातात राहतात.

पायरी ३ : नुसतं इंजिन तपासा

दोन्हींची स्वतःची बुकं बंद करा. सेटिंगमध्ये "ओन बुक" असा पर्याय असतो, त्यावरची खूण काढायची. टेबलबेसही नको. पण मग प्रत्येक डाव पहिल्या चालीपासून मोकळा सोडला तर इंजिनं त्याच त्या दोन-तीन सुरुवाती खेळत बसतात. म्हणून दोघांना बाहेरून सुरुवात द्यायची : चार ते आठ चालींच्या, साधारण समतोल सुरुवातींची फाइल मिळते, ती जोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : प्रत्येक सुरुवात दोनदा, रंग बदलून. एखादी सुरुवात पांढऱ्याला झुकती असली तरी दोघांनाही तो फायदा एकेकदा मिळतो.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लिश ग्रँडमास्टर जॉन नन यांनी इंजिनं बुकशिवाय तपासता यावीत म्हणून दहा स्थिती निवडल्या होत्या. दोन्ही रंगांनी खेळून वीस डाव होत. आज स्टॉकफिशचे लेखकही प्रत्येक बदल असाच जोडीजोडीनं तपासतात. त्यांची इंजिनं आता इतकी पक्की झाली आहेत की समतोल सुरुवातीतून जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात, म्हणून ते मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती देतात. फ्रूट-ग्लॉरुंगला त्याची गरज नाही.

किती डाव? इथे बहुतेकांचा धीर सुटतो. अर्धे डाव बरोबरीत सुटत असतील तर १०० डावांनंतरही निकालात सात टक्के इकडेतिकडे होण्याची सहज शक्यता असते. म्हणजे ५५-४५ नं काही सिद्ध होत नाही. वीस डावांत तर ही ढिलाई पंधरा टक्क्यांवर जाते, तेव्हा सुरुवातीच्या त्या बारा-आठवाल्या मेसेजचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. १००० डाव झाले की ती दोन टक्क्यांच्या आसपास येते. वरच्या वेळेनं एका रात्रीत साधारण शंभर डाव होतात. घाई असेल तर वेळ कमी करा, डाव कमी करू नका.

पायरी ४ : बुक तपासायचं असेल तर इंजिन एकच ठेवा

बुकची तुलना करताना लोक फ्रूट स्वतःच्या बुकसह आणि ग्लॉरुंग स्वतःच्या बुकसह बसवतात. यातून काही कळत नाही. दोन्ही बाजूंना तेच इंजिन (आजचं स्टॉकफिश चालेल), तीच आवृत्ती ठेवा, फक्त एकाला पहिलं बुक आणि दुसऱ्याला दुसरं द्या. आता जो फरक पडेल तो बुकचाच. क्यूटचेसच्या कमांडवाल्या आवृत्तीत प्रत्येक इंजिनाला वेगळं बुक देता येतं आणि ते कितव्या चालीपर्यंत वापरायचं तेही सांगता येतं. बुक पॉलीग्लॉट प्रकारचं हवं, फाइलच्या नावाशेवटी डॉट बिन असतं.

पॉलीग्लॉट बुकमध्ये डावांची यादी नसते. प्रत्येक नोंदीत पटावरच्या स्थितीचा एक क्रमांक, तिथे खेळायची चाल आणि त्या चालीचं वजन असतं. म्हणून चालींचा क्रम बदलून त्याच स्थितीत पोचलात तरी बुक तिला ओळखतं. वजन बहुतेकदा एवढंच सांगतं की ती चाल मूळ डावांत किती खेळली गेली आणि किती फळली. ती चाल चांगलीच आहे याची हमी त्यात नसते. हजारो हौशी डावांतून बनवलेल्या बुकमध्ये लोकप्रिय चुकाही भरपूर वजनानं बसलेल्या असतात.

बुकमधून चाल निवडताना "सर्वात वजनदार चालच" असा पर्याय ठेवलात तर दोन्ही बुकं तीच सुरुवात पुन्हापुन्हा खेळतील, आणि शंभर डावांत खरे वेगळे डाव मूठभरच निघतील. वजनानुसार चिठ्ठी टाकल्यासारखी निवड ठेवा, आणि सामना झाल्यावर पीजीएनमधून जुळे डाव काढून टाका.

निकालापेक्षा मला बुक संपल्याची जागा पाहणं जास्त उपयोगाचं वाटतं. प्रत्येक डावात इंजिनानं पहिल्यांदा स्वतः विचार केला ती चाल शोधा. पीजीएनमध्ये चालीपुढे इंजिनाचं मत (आपण किती पुढे ते आकड्यात, उणे म्हणजे मागे) आणि किती चाली पुढचं पाहिलं ती खोली लिहिलेली असते, बुकच्या चालीपुढे ती नसते, त्यामुळे जागा लगेच सापडते. वहीत चार रकाने आखा : सुरुवात, बुक कितव्या चालीला संपलं, त्या क्षणी इंजिनाचं मत, निकाल. "नायडॉर्फ, काळा, १६ वी चाल, उणे ०.९, हार" अशा नोंदी एकाच सुरुवातीत वारंवार दिसल्या, तर बुकची ती फांदी किडलेली आहे. बुक सोळा चालींपर्यंत नेतं हे ऐकायला छान, पण सोळाव्या चालीला खड्ड्यात सोडत असेल तर आठ चालींचं बुक बरं. दुसरी गोष्टही होते : मत बरं असतं, पण स्थिती अशी असते की त्या इंजिनाला ती खेळताच येत नाही. म्हणून स्पर्धेसाठीचं बुक एका ठराविक इंजिनाच्या मापानं शिवलेलं असतं. दुसऱ्याच्या अंगावर ते बसेलच असं नाही.

बुकची एक चाल किती महागात पडते याचा सगळ्यात गाजलेला दाखला ११ मे १९९७ चा. न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या डावात जगज्जेता कास्पारोव्ह कारो-कान ही सुरुवात खेळला आणि सातव्या चालीला त्यानं एच६ वर प्यादं सरकवलं. डीप ब्लूनं आठव्या चालीला ई६ वर घोडा दिला. ती चाल त्याच्या बुकमध्ये माणसांनी घालून ठेवलेली होती, यंत्रानं तिथे बसून शोधलेली नव्हती. १९ चालींत डाव संपला आणि सामनाही.

पायरी ५ : एंडगेम, टेबलबेसशिवाय

माझ्या मते नवख्यानं सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. बुक कुणाचंही उचलता येतं. एंडगेममध्ये इंजिनाला खरंच किती कळतं ते लपत नाही, आणि तपासायला हजार डावही लागत नाहीत.

आधी एक सेटिंग. सामने लवकर संपावेत म्हणून क्यूटचेस आणि अरेनामध्ये "अमुक फरक पडला की डाव सोडून दे" असा नियम लावता येतो. तो पूर्ण बंद करा. नाहीतर ज्या एंडगेमसाठी खटाटोप, तो खेळलाच जाणार नाही.

आता या स्थिती मांडा आणि प्रत्येक इंजिनाला दोन्ही बाजूंनी खेळवा.

उंट-घोडा : पांढरा राजा ई१, उंट एफ१, घोडा जी१, काळा राजा ई८ वर एकटा. बिनचूक खेळलं तर उंट-घोड्याची मात जास्तीत जास्त ३३ चालींत होते. नियमानं मुभा ५० चालींची. जे इंजिन काळ्या राजाला उंटाच्या रंगाच्या कोपऱ्याकडे हाकलतं त्याला हे येतं. जे त्याला मधेच गोल फिरवत बसतं त्याला येत नाही.

चुकीचा उंट : काळा राजा एच८, पांढरा राजा एफ६, पांढरं प्यादं एच५, पांढरा उंट डी३. पांढऱ्याकडे उंट आणि प्यादं जास्त, तरी बरोबरी. एच८ हे काळं घर आणि उंट पांढऱ्या घरांचा, त्यामुळे राजाला कोपऱ्यातून काढताच येत नाही. इथे इंजिनाचा आकडा पाहा. शून्याच्या जवळ असेल तर त्याला कळलं. अधिक तीन-चार दाखवत असेल तर ते नुसते मोहरे मोजतंय, आणि असं इंजिन चांगल्या जिंकत्या डावातून आनंदानं या स्थितीत उतरेल.

हत्तीचे दोन डाव : लुसेना स्थितीत पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१, काळा राजा जी७, हत्ती सी२, पांढऱ्याची चाल. हत्ती एफ४ वर आणून पूल बांधला, म्हणजे शहांच्या आड हत्ती घातला, की जिंकलं. फिलिडोरमध्ये पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७, काळा राजा ई८, हत्ती जी६. काळ्यानं हत्ती सहाव्या रांगेतच ठेवायचा, प्यादं ई६ वर आलं की पहिल्या रांगेत उतरून मागून शह देत राहायचं, बरोबरी. या दोन्हींत आकड्यापेक्षा खेळ पाहा.

वजीर विरुद्ध हत्ती : वजीरवाला जिंकतो, जास्तीत जास्त ३१ चालींत हत्ती मारतो किंवा मात करतो. पण समोरचा बिनचूक बचाव करत असेल तर हे काम भल्याभल्यांना घाम फोडतं. अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी एकदा संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनच्या संगणकाविरुद्ध पैज लावून वजीराची बाजू घेतली. संगणकाकडे या एंडगेमची पूर्ण उत्तरं होती. ५० चालींत ब्राउन यांना जिंकता आलं नाही. अभ्यास करून ते परत आले आणि दुसऱ्या वेळी बरोबर पन्नासाव्या चालीला त्यांनी हत्ती मारला.

स्वतः नवी स्थिती मांडलीत तर आधी लायचेस या वेबसाइटच्या टेबलबेसवर तपासा. सात मोहऱ्यांपर्यंतचं अचूक उत्तर तिथे फुकट मिळतं, आणि त्याला डेटाही नगण्य लागतो.

आणखी एक सांगून ठेवतो. दोन इंजिनांचे आकडे एकाच मापाचे नसतात. स्टॉकफिश १५.१ पासून त्याचं अधिक १.०० म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्मी, असं माप बांधलेलं आहे. जुन्या इंजिनांत अधिक १.०० म्हणजे ढोबळमानानं एक प्यादं. तेव्हा "याचा आकडा मोठा" यावरून काही ठरवू नका. शून्य मात्र सगळीकडे शून्यच असतं.

पायरी ६ : टेबलबेसचा फरक मोजा

आज सगळीकडे सिझिजी टेबलबेस चालतो, रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये आणलेला. तीन, चार आणि पाच मोहऱ्यांचा संच मिळून साधारण १ जीबी भरतो. दिवसाला दीड जीबीचं पॅक असेल तर रात्री उशिरा लावा, किंवा तालुक्याला वायफाय असलेल्या कुणाकडून पेनड्राइव्हवर आणा. आणलेल्या फाइली लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवून घ्या, पेनड्राइव्हवरून वाचायला लावलं तर इंजिन रखडतं.

फरक मोजायचा तर इथेही तीच रीत : दोन्ही बाजूंना आजचं स्टॉकफिश, एकाच्या सेटिंगमध्ये सिझिजीचा फोल्डर दिलेला, दुसऱ्याच्या नाही. फ्रूट २.१ सिझिजी वाचत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. निकालातला फरक अगदी थोडका निघेल, कारण स्टॉकफिशला साधे एंडगेम तसेही येतात. ज्यांना टेबलबेस लावला की इंजिन दुप्पट भारी होईल असं वाटतं, त्यांनी हा सामना एकदा लावावाच.

टेबलबेस जोडल्यावर शिकणारे पोट्टे एका गोष्टीनं हमखास चक्रावतात. "सर, थो वजीर फुकटात काऊन देऊन रायला?" कारण सिझिजीमध्ये मात किती चालींवर आहे हे लिहिलेलं नसतं. जिंकणार-हरणार-बरोबरी एवढं एका फाइलीत, आणि पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती चालींवर आहे ते दुसऱ्या फाइलीत. जिंकत राहणं पक्कं असलं की इंजिनाला वजीर वाचवायची फिकीर नसते. ५० चालींच्या नियमात ते बसतं, पण डोळ्यांना वेडंवाकडं दिसतं. म्हणून मुलांना एंडगेम शिकवताना टेबलबेस काढलेलं इंजिनच समोर बसवा.

सहा मोहऱ्यांचा संच सुमारे १५० जीबी आणि सात मोहऱ्यांचा १८ टीबीच्या आसपास. दोन्हींच्या नादी लागू नका.

पायरी ७ : दुसऱ्यांच्या याद्या वाचताना

सीसीआरएल ही इंजिनांच्या क्रमवारीची जुनी यादी. तिथे पाँडर बंद, सगळ्यांना १२ चालींपर्यंतचं सामाईक बुक आणि तीन ते पाच मोहऱ्यांचे टेबलबेस असतात. म्हणजे तिथला आकडा इंजिनाचा आहे, त्याच्या खासगी बुकचा नाही. एखाद्या जाहिरातीत किंवा व्हिडिओत "अमुक इंजिननं तमुकला धुतलं" दिसलं की चार गोष्टी शोधा : डाव किती, सुरुवाती कुणी दिल्या, रंग बदलले का, वेळ किती होता. यातलं एकही लिहिलेलं नसेल तर पुढे सरका, आणि तुमच्या वहीत रकाने आखताना या चार गोष्टी पानाच्या डोक्यावरच लिहून ठेवा, म्हणजे महिन्यानं वही उघडली तरी तो निकाल कुठल्या अटींवरचा होता ते सापडेल.